पोर्चमधला माग

लेकीच्या लग्नाच्या पत्रिका वाटताना मला हा नाद लागला. उन्हाचे दिवस होते. मी स्कूटरवर मागे, मांडीवर पत्रिकांची पिशवी, आणि पुढे आमचे हे, दर वळणावर "आता कुठं?" म्हणत वैतागलेले. नागपुरात प्लॉट नंबर वीजबिलावर असतो, तो रस्त्यावर कुणाला ठाऊक नसतो. घर सापडतं ते कशाच्या तरी मागे, कशाच्या तरी बाजूला. नंदनवन नावाच्या वस्तीत राहणाऱ्या एका नातलगांनी फोनवर सांगितलं, "फुटबॉलपासून आत या." मला वाटलं, चेष्टा करताहेत. वळलो तर खरंच एका गच्चीवर सिमेंटचा भला मोठा फुटबॉल, काळा-पांढरा रंगवलेला, आणि आत घरादाराचं पाणी; टाकीच होती ती. मी इतकी हसले की पिशवी उलटली आणि पत्रिका रस्ताभर झाल्या. यांनी त्या एकेक करून वेचल्या.

लग्न झालं, लेक सासरी गेली, घर खायला उठलं. नाद मात्र राहिला. रविवारी सकाळी मी पदर खोचून तयार व्हायची आणि हे विचारायचे, "काहून वं, लग्न तर झालं, आता कोणाच्या घरी चाल्ली?" पण किल्ली आधीच त्यांच्या हातात असायची.

असं करत करत आम्ही बरंच जमवलं. ट्रकचं नुसतं डोकं आणून मांडलेला पानठेला, ज्यात पानवाला ड्रायव्हरच्या जागी बसून पान लावतो. कडुनिंबाच्या खोडाला आरसा ठोकून चालणारं केशकर्तनालय. दोन भावांत वाटणी झालेलं घर, अर्धं हिरवं, अर्धं पिवळं, आणि रंगाची रेघ बरोबर एका खिडकीच्या मधून गेलेली. खिडकी उघडायची कुणी, यावरून अजून बोलाचाली आहे म्हणे. लकडगंजात एक टाइल्सवाला आपल्या दुकानाचा पत्ता "आरा मशीनजवळ" असा सांगतो. ती लाकडं कापायची मशीन कधीच उठून गेली. ती होती तिथेच याचं दुकान आहे, तरी तो तिच्याजवळच आहे.

फोनमधल्या नकाशावर मी प्रत्येक जागेची खूण करते, फोटो लावते आणि खाली एका ओळीत लिहिते, कुणी सांगितलं ते. कारण माझा एक नियम आहे. मला अजब वाटलं म्हणून नोंद होत नाही. परक्या माणसानं, पत्ता सांगताना, आपणहून त्या वस्तूचं नाव घेतलं पाहिजे. नुसतं विचित्र दिसणारं तर गावात पुष्कळ असतं. ज्याच्यावर लोक भरवसा ठेवून वळतात, तेवढंच मला हवं.

या नियमापायी माझ्याच घरातली सगळ्यात अजब वस्तू नकाशाबाहेर होती. आमच्या पोर्चमध्ये माझ्या बाबांचा हातमाग उभा आहे.

बाबा उमरेडचे विणकर. ते गेल्यावर माग मागच्या खोलीत पडून होता. भावाला तिथे स्लॅब टाकायचा होता. "घेऊन जातेस तर जा, नाही तर फोडून चुलीत घालतो," असं तो फोनवर म्हणाला. त्याचंही चुकलं नाही, माणसांना राहायला जागा लागते. मी टेम्पो केला. माग घरात शिरेना, म्हणून पोर्चमध्ये उभा राहिला. जोडायला भाऊच आला. शेवटची खुंटी ठोकून झाल्यावर तो मागाच्या पाटावर जरा वेळ बसला आणि मग चहा न घेताच बस पकडायला निघाला.

मला विणता येत नाही. मी त्याला रविवारी तेलाचं फडकं मारते, एवढंच. आमच्या गल्लीला तो पहिल्या दिवसापासून खुपला. समोरच्या घरातल्या काकू तर रोज अंगण झाडता झाडता ऐकवायच्या, "कबाड ठेवून राहिली बाई पोर्चमध्ये. उंदरं होतीन." हे मला चिडवायचे, "आपलाच माग टाक ना नकाशावर. याच्याहून अजब काय हाय साऱ्या नागपुरात?" मी म्हणायची, "आपल्या तोंडानं नाही चालत."

मग यांनी रिटायर झाल्यावर हौसेनं जुनी गाडी घेतली. पोर्च मागानं अडवलेला, तेव्हा गाडी रस्त्यावर. नागपूरचा मे महिना आणि उघड्यावरची गाडी! सीटवर बसलं की माणूस तसाच उठायचा. ओलं फडकं घेऊन स्टिअरिंग पुसताना यांना मी रोज खिडकीतून बघायची. इतकी वर्षं माझ्या नादामागे स्कूटर हाकली या माणसानं, आणि त्याच्या एका हौसेला मी सावली देऊ नये? रडू आलं, रडून घेतलं, आणि लकडगंजातल्या एका जुनं लाकूड घेणाऱ्याला मीच फोन केला. जुनं सागवान आहे, एवढंच मी सांगितलं. माग आहे असं सांगायला जीभ वळली नाही.

तो टेम्पो घेऊन आला आणि आमच्याच भागात हरवला. मी पोर्चमध्ये मागाला टेकून, फोन कानाला लावून उभी. प्लॉट नंबर सांगितला, आडनाव सांगितलं, काही उपयोग नाही. "थांबा बाई, कोणाले विचारतो," तो म्हणाला आणि फोन चालूच ठेवून त्यानं कुणाला तरी माझं आडनाव सांगितलं.

पलीकडून आवाज आला तो समोरच्या काकूंचा. भाजीच्या गाडीपाशी उभ्या असाव्यात, कारण मधेच त्यांनी भाजीवाल्यालाही झापलं.

"नंबर-बिंबर मले नाही मालूम. मागवालं घर विचारा ना भाऊ! इथून दुसरी गल्ली, पोर्चमध्ये हा एवढा मोठा माग दिसन. कापड विणाचा. दुसरीकडे कुठंच नाही तसा. चुकूच शकत नाही तुम्ही."

मी मागाचं लाकूड घट्ट धरलं.

टेम्पो दारात लागला. लाकूडवाल्यानं आधी मागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हेच न्यायचं हाय काय, बाई?"

तेवढ्यात मागून काकू पिशवी घेऊन आल्याच. टेम्पो पाहून त्यांनी विचारलं, काय न्यायले आले. त्यानं मागाकडे बोट केलं. काकू माझ्यावरच उखडल्या.

"काहून? कोणाले विचारून? गॅसवाल्याले आमी हेच सांगतो, कुरियरवाल्याले हेच सांगतो. माह्या सुनेच्या माहेरचे लोक मागाच्या समोरचं घर म्हणूनच येतेत. आता त्यायले काय सांगू, कबाड?"

"तुम्हीच तर कबाड म्हणत होत्या, काकू."

"ते मी तुले म्हणतो. लोकायले थोडीच म्हणतो!"

मी हसले आणि हसता हसता पुन्हा रडले. लाकूडवाला बिचारा अवघडून उभा. त्याला म्हटलं, दादा, माफ करा, तुमची खेप फुकट गेली, चहा घेऊन जा. हे इतका वेळ दारात उभे होते. मला वाटलं, आता गाडीचं काढतील. ते चपला घालून बाहेर आले आणि त्याला विचारू लागले, "भाऊ, तुमच्याकडे लाकडाच्या लांब बल्ल्या भेटतीन काय? गाडीवर बाहेरच मांडव टाकू म्हणतो." रिकामा परत गेलेला टेम्पो दुसऱ्या दिवशी लाकूड घेऊन आमच्याकडे आला.

त्या दुपारी मी नकाशावर आमच्या घरावर खूण केली. खाली लिहिलं, समोरच्या काकूंनी सांगितलं. आणि बाबा आठवले.

बाबा सकाळच्या बसनं कापडाचं गाठोडं घेऊन नागपूरला यायचे. दुकानदार त्यांना "उमरेडवाला" म्हणायचा. नाव कधी विचारलं नाही. या शहरात त्यांना पाणी मागायला एक घर नव्हतं, म्हणून कितीही ऊन असो, ते तसेच तहानलेले संध्याकाळच्या बसनं परतायचे. आई तांब्या घेऊन दारातच उभी असायची. आता इथे मे महिन्यात रोज कुणी ना कुणी दमलेलं माणूस पत्ता विचारत मागापाशी येऊन थांबतं, आणि मी आतून पाणी घेऊन जाते.