ठिपका घरी हाय

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. घरात बायकोलाही नाही. सांगायची तर त्या बाईच्या पदरापासून सुरुवात करावी लागेल.

फोन हातात घेतला की ती आधी पदराने त्याची काच पुसायची. धूळ असो वा नसो. शाळेला निघालेल्या लेकराचं तोंड पुसावं तसं, नीट, कोपऱ्यांतूनसुद्धा. मग हात लांब करून, मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, “हाय. ठिपका घरी हाय.” एवढं झालं की फोन प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडाच्या पिशवीत आणि कापडाची पिशवी कमरेला.

तेलगावच्या चौकात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ती जवळच्या वस्तीवरची. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची ती गुढीपाडव्याच्या आसपास परतायची. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणतात. माणसं किती निघाली असं कुणी विचारत नाही, कोयते किती निघाले असं विचारतात. पोरगी जरा उंच दिसू लागली की तिचं लग्न लावून नवा कोयता करायची घाई कशी सुटते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही या भागातले असाल तर असल्या लग्नात तुम्हीही जेवला असाल. मी जेवलो आहे.

या बाईला ते नको होतं. तिची एकच पोरगी होती. पोरीला आठवीपर्यंत आणलं होतं आणि पुढेही शिकवायचं होतं. “घरात माझा एक कोयता हाय, तेवढा बास,” म्हणायची. मग तोडीच्या दिवसांत पोरगी वस्तीवर म्हाताऱ्या आजीपाशी राहायची. आजीला ऐकू कमी यायचं. म्हणून पोरीला फोन घेतला, आणि फोन घेतल्या घेतल्या माझ्याकडे आली.

“भाऊ, ह्याला कुलूप लावा.”

“कसलं कुलूप, ताई?”

“तुमीच लावता म्हणं. शाळंतल्या म्याडम म्हणत व्हत्या. आठ वाजले की फोन आपोआप झोपतो, अन् पोरगी कुठं हाय ते आईला दिसतं.”

मुलांच्या फोनवर आईबापांनी लावायचं ते लॉक. मी लावून दिलं. तिच्या नावाचं खातं मीच उघडलं, पासवर्ड मीच ठरवला. आमच्या धंद्यात असंच चालतं. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीच ठेवा काय ते ध्यानात. निम्म्या गावाच्या किल्ल्या माझ्या डोक्यात असतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. उलट बरं वाटायचं.

तिच्या फोनवर नकाशा उघडून मी दाखवलं. निळा ठिपका वस्तीवर होता.

“ही माझी लेक?”

“हा तिचा फोन.”

“तेच की.” आणि तिने काच पुसली.

पहिल्याच वर्षी एका दुपारी तिचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, आणि ही रडत होती. “भाऊ, पळा! पोरगी हिरीत पडली!”

मी अनवाणीच दुकानाबाहेर आलो. मग विचारलं, कुणी सांगितलं? म्हणे ठिपका पाटलाच्या विहिरीत आहे. माझा जीव भांड्यात पडला. पोरीला फोन लावला, तर ती शाळेच्या ओट्यावर बसून चिंचा खात होती. रेंज कमी असली की ठिपका इकडेतिकडे सरकतो, हे बाईला समजावता समजावता मी घामाघूम झालो. शेवटी म्हणालो, “ताई, ठिपका जरा हालतो. पण खोटं बोलत नाही.”

ते वाक्य तिने धरून ठेवलं. पुढे तोडीच्या टोळीत कुणी चिडवलं, काय गं, आज लेक कुठल्या हिरीत, की ही सांगायची, “हालतो जरा. पण खोटं बोलत न्हाई. दुकानवाल्या भाऊंनी सांगितलंय.”

टोळीतल्या बायकांना नंतर तिच्या फोनचा नादच लागला. दिवसाची तोड संपली की चार जणी तिच्या खोपीपाशी जमायच्या. आपल्या घरचं पोर दिसत नाही तर निदान हिची पोरगी तरी बघू, म्हणून. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, माणसं गावाला परतली, तेव्हा त्यातल्या दोघी दुकानात आल्या. “आमच्याबी लेकरांचे ठिपके काढून द्या.” त्यांच्या लेकरांकडे फोनच नव्हते. हे सांगितल्यावर एक म्हणाली, “मग हिच्यातच आमच्या पोराचा एक बसवा की.” मी लई हसलो तेव्हा.

आठला फोन झोपायचा. पण पोरीने अभ्यासासाठी मागितला तर आईला तिथून वेळ वाढवून देता यायचा. हिरवं बटण मी दाखवून दिलं होतं. उसाच्या मोळ्या डोक्यावरून उतरवून, हात लुगड्याला पुसून, ही ते बटण दाबायची आणि ओरडायची, “दिला गं, अर्धा तास दिला!” फोनवर बोलत नसतानाही ओरडायची. नवरा म्हणायचा, घड्याळवाली झाली ही. ती माझ्याजवळ हे मोठ्या तोऱ्यात सांगायची. जन्मभर मुकादमाच्या शिट्टीवर उठलेली बाई. तिच्या हातात दुसऱ्याला द्यायला वेळ होता.

आता माझं सांगतो.

पोरगी दहावीत होती त्या वर्षी, संक्रांतीच्या आधी, तिचे चुलते दुकानात आले. म्हणजे या बाईचे मोठे दीर. चौकात शब्द चालणारा माणूस. माझा गाळा मला त्यांच्याच शब्दावर मिळाला होता. मागे पोरगी उभी होती, दप्तर पाठीला.

“हिच्या फोनचं ते लचांड काढ बे,” ते म्हणाले. “आठला बंद पडतोय. रात्रीचा क्लास असतोय पोरीचा.”

“तिच्या आईला एकदा विचारतो.”

“आईला कावून? ती तिकडं फडात, उगं जिवाला घोर. अन् असं कर की तिला तो ठिपका घरीच दिसला पायजे.”

इथे मला कळायला हवं होतं. खरं लिहायचं ठरवलंय तर, कळलं होतं. रात्रीच्या क्लासला पोरगी घरीच दिसायची काय गरज? पण मला ती युक्ती येत होती. गावातल्या टवाळ पोरांना मी ती करून दिली होती आणि त्यांनी माझी वाहवा केली होती. पोरीचं खातं एका फुटक्या काचेच्या जुन्या हँडसेटवर टाकायचं, त्यात वेगळं सिम घालायचं आणि तो घरी चार्जिंगला लावून ठेवायचा. ठिपका घरीच राहतो. खरा फोन पुसून नवा करून द्यायचा. मग त्याला ना कुलूप, ना ठिपका. आईची परवानगी लागते तिथे पासवर्ड लागतो, आणि तो माझ्या डोक्यात होता.

मी काम करत असताना चुलते बाहेर तंबाखू मळायला गेले. पोरगी काउंटरला टेकली आणि हळूच म्हणाली, “काका, आईला कळंल का?”

मी मान वर न करता म्हणालो, “अजिबात नाही. घाबरू नको.”

मला वाटलं, सुटली बिचारी.

मी आईबापांच्या फोनवरची कुलपं काढायला आलेली किती पोरं पाहिली आहेत. सगळी हाच प्रश्न विचारतात, आणि नाही म्हटलं की त्यांचे खांदे खाली येतात, हसू फुटतं. हिचं तसं झालं नाही. ती तशीच उभी राहिली, दप्तराचा बंद धरून. तो चेहरा मी त्या दिवशी बघितला आणि मला तो वाचायचा नव्हता. तिला आईला कळायला हवं होतं. काहीतरी वाजेल, काहीतरी लाल होईल, आई तिकडून फोन करेल, अशी आशा तिला होती. आणि मी माझ्या कामाची खात्री देत होतो.

पंधरवडाभराने शेजारचा टेलर ब्लाउज शिवत होता. हिरवा, जरीच्या काठाचा. “नवरीचा हाय,” म्हणाला आणि चुलत्यांचं नाव घेतलं. “लहान माप हाय हो. हात बघा केवढा.”

मी बघितला नाही. दुकानात येऊन बसलो. आणि त्याच दुपारी बाईचा फोन आला.

“भाऊ, पोरीचा फोन लागंना. भावजी म्हणतेत रेंज न्हाई. माझ्या जिवाला ग्वाड लागंना झालंय काई.”

शेजारी टेलरची मशीन चालू होती. मला ऐकू येत होती, तिलाही येत असेल.

“पण ठिपका घरीच हाय,” ती म्हणाली. “सकाळधरनं दहादा बघितला. ठिपका खोटं बोलत न्हाई, तुमीच म्हणला व्हतात ना?”

तिने तेव्हा एसटी धरली असती तर लग्नाआधी पोचली असती. कोयता टाकून आली असती, मुकादमाशी भांडून आली असती. ती बाई तशीच होती. मला एवढंच म्हणायचं होतं की ताई, या.

“नाही बोलत, ताई,” मी म्हणालो.

“मग बास,” ती म्हणाली आणि हसली. “उगं तरास दिला तुमाला.”

गाळ्यासाठी बोललो नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं. बोललो असतो तर त्या ठिपक्याचं काय केलं तेही सांगावं लागलं असतं. ती मला भला माणूस समजत होती. ते जाऊ नये म्हणून मी तिची पोरगी जाऊ दिली.

लग्न झालं. पोरगी घाटनांदूरकडे दिली. दहावीची परीक्षा तिच्याशिवाय झाली. नवऱ्याला, म्हणजे या बाईच्या नवऱ्याला, सगळं आधीपासून ठाऊक होतं. तो तिच्याच शेजारी मोळ्या बांधत होता.

पट्टा पडल्यावर ती दुकानात आली. आरडाओरडा करील अशी मी मनाची तयारी केली होती. तिने कमरेची पिशवी सोडली आणि फुटक्या काचेचा हँडसेट काउंटरवर ठेवला.

“ज्वारीच्या कोठीमागं व्हता. वायर लावून.”

मी तो बघताक्षणी ओळखला.

“लेकीनं फसवलं, भाऊ. भावजी म्हणाले, तिनंच कुलूप काढून घेतलं, तिलाच लग्नाची घाई व्हती. ह्यो फुटका घरात ठिवला अन् गेली. अन् मी येडी रोज ह्याचं तोंड पुशीत बसले.”

माझ्या तोंडात शब्द होता. खरंच होता. मी म्हणालो, “चहा सांगू का?”

“न्हाई.” मग तिने स्वतःचा फोन पुढे केला. “ह्यात तिच्या सासरचा नंबर येतो. सारखा वाजतो. तेवढा बंद करा. मला न्हाई ऐकायचा तिचा आवाज.”

मी तो नंबर ब्लॉक केला. त्याच बोटांनी. तिने फोन परत घेतला, पण काच पुसली नाही. तसाच पिशवीत टाकला.

“ह्यो ठिवा तुमच्याकडं,” फुटक्या हँडसेटकडे बोट करून म्हणाली. “मला काय करायचाय आता.”

पुढच्या दिवाळीनंतर चौकात एक ट्रॅक्टर डिझेलला थांबला होता. ट्रॉलीत चुली, गोधड्या, शेळी, माणसं. त्यात ती पोरगी होती, नवऱ्याशेजारी, मांडीवर नवा कोयता फडक्यात गुंडाळलेला. तिने माझ्या दुकानाकडे बघितलं. मी खाली बघून एका फोनचा स्क्रू काढू लागलो. तो आधीच काढलेला होता.

बाई मात्र यंदा परत आलीच नाही. टोळी आली, ती दोघं तिकडेच वीटभट्टीवर राहिली असं टोळीतली माणसं म्हणतात. जुना नंबर लागत नाही. नवा दिरांकडे असेल. ते रोज माझ्या दुकानावरून जातात, मी रोज नमस्कार करतो.

फुटका हँडसेट माझ्या खणात आहे. मी तो चार्जिंगला लावतो. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. तिने कधी चुकून जुना नकाशा उघडला तर तिची लेक तिला माझ्या दुकानात दिसेल.

कुलूप तिच्या लेकीने काढलं नाही, मी काढलं. काढत असताना लेकीने विचारलं होतं, आईला कळंल का. एवढं सांगणं मी त्या बाईचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.