सासुरवाडीचा दोष

चूक माझीच. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना स्तनाचा कॅन्सर कोणत्या जनुकांमुळे होतो, याच्या अभ्यासासाठी मी रक्त गोळा करतो. शेजारच्या काकांची बहीण त्याच आजारानं गेली. "माह्या पोरीले धोका हाय का?" त्यांनी विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "आत्याचं भाचीला येत नाही. आईकडूनच येतं."

लेकीचा चष्मा, घोरणं, सगळं सासुरवाडीवर ढकलणाऱ्या काकांनी पेढे वाटले.

पुढे डॉक्टरांकडून कळलं, ते बापाकडूनही येतं. काल जाऊन तसं सांगितलं.  काका आत ओरडले, "अवं, बाहीर ये! माह्याही घरून काही येते म्हणते हा!" आणि बाही सारून हात पुढे केला. "पहिले माह्यं रक्त पाहा."

 तो हात धरून मी म्हणालो, "काका, माफ करा. पोरीच्या तपासणीला माझ्यामुळे उशीर झाला."