सावलीत वाळलेला पाला

आमच्याकडे पाहुणा आला तर त्याला टेकायला जागा मिळेल याची खात्री नसते. मागच्या खोलीत दोन्ही खाटांवर, टेबलावर आणि माझ्या ठेवणीतल्या चादरीवर पाला वाळत पडलेला असतो. ही माझ्या नणंदेची करणी. वनस्पतींचे अर्क काढून ते रोगजंतूंवर तपासणं हे तिचं काम, आणि तिच्या प्रयोगशाळेत हवेशीर जागा नाही, ती माझ्या घरात आहे, असं तिचं ठाम मत. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, नणंद म्हणजे डोक्याला ताप. ताप निघालाच, पण वेगळ्या जातीचा.

माझ्या सासऱ्यांच्या पायाला मधुमेहात जखम झाली. ती चिघळली, एकही औषध लागू पडेना आणि शेवटी पाऊल कापावं लागलं. तेव्हापासून ताई, म्हणजे ही नणंद, एका रानवेलीच्या मागे हात धुऊन लागली. अशा जखमेत ठाण मांडून बसणाऱ्या, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूला या वेलीच्या पानांचा अर्क मारतो का, एवढंच तिला हवं होतं. तपासायची रीत मलाही पाठ झाली आहे. काचेच्या बशीत जेलीच्या थरावर जंतू वाढवायचे आणि वर अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची. अर्कात दम असेल तर चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ रिंगण पडतं. अर्क अल्कोहोलमध्ये काढतात, म्हणून शेजारी एक नुसती अल्कोहोलची चकती, म्हणजे अल्कोहोलचं श्रेय पानाला जायला नको.

ताईच्या बशीत रिंगण पडलं. पुन्हा केलं, पुन्हा पडलं. पण या धंद्यात आपलंच घोडं पुढे दामटून चालत नाही, परक्याच्या हातूनही तेच यावं लागतं. म्हणून तिने ताजी पानं ओल्या फडक्यात गुंडाळून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथे रिंगणच पडलं नाही. तिथल्या साहेबांचा फोन आला, "बाई, तुमच्या पानात काही नाही. आणखी एकदा बघू, नाहीतर विषय बंद." इकडे तिच्या ऑफिसात कुजबुज सुरू झाली की बाईंनी रिंगणं घरी बसून काढली असतील. ताई दोन घास गिळून ताटावरून उठायला लागली. मला तिचा राग यायचा तो विरून गेला, आणि त्या कुजबुजणाऱ्यांचा यायला लागला.

सासरे एवढंच म्हणाले, "तू खोटं बोललीस का? नाही ना? मग त्यांच्या समोर उभी राहा जा."

ती निघाली आणि मलाही घेतलं. "पानांचं पोतं उचलायला माणूस हवं," म्हणाली, "आणि वेळ आली तर भांडायला तू बरी."

मोठी प्रयोगशाळा लखलखीत होती. काम करणारी मुलगी फार नीटनेटकी, तिच्या हातात खोट काढायला जागा नाही. तिने पानं धुतली, वजन केलं आणि एका स्टीलच्या कपाटात सरकवली.

"यात कशाला?" ताईने विचारलं.

"वाळवायला. तुम्हीच कळवलं होतं ना, पानं वाळवून घ्या. ओव्हन आहे हा. हात लावू नका, भाजेल."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या घरात वाळवणं म्हणजे खाट आणि चादर. दुसरी काही तऱ्हा असते हे आम्हा दोघींच्या गावीही नव्हतं.

"चूक माझी," ताई साहेबांना सरळ म्हणाली. "वाळवा म्हटलं, सावलीत वाळवा म्हटलं नाही. उष्णतेने पानातला गुणच मरत असेल. आता अर्धी पानं ओव्हनमध्ये राहू द्या. अर्ध्यांना मला पंख्याखाली जागा द्या."

जागा एकच होती, साहेबांच्या बैठकीची खोली. त्या लांबलचक टेबलावर आमचा पाला पसरला आणि पुढच्या सगळ्या बैठका व्हरांड्यात उभ्याने झाल्या. खोटं कशाला बोलू, मला भारी आनंद झाला.

पानं कडक वाळली, अर्क निघाले, बशा तयार झाल्या. निकालाच्या सकाळी साहेबांनी मोजपट्टी ताईपुढे धरली. तिने हात मागे घेतला.

"तुम्ही मोजा. माझं एकदा मोजून झालंय."

अल्कोहोलच्या चकतीभोवती काही नाही. ओव्हनच्या पानांभोवती काही नाही. सावलीतल्या पानांभोवती रिंगण असं मोठं आणि लख्ख, की मोजपट्टीची गरज मला तरी वाटली नाही. साहेबांनी तरीही मोजलं. मग दुसरी बशी घेतली, मग तिसरी. मग त्या मुलीला मोजायला लावलं. शेवटी पट्टी खाली ठेवून ते म्हणाले, "बाई, माझा शब्द मागे घेतो. जखमांवरच्या चाचण्या इथेच सुरू करू, आणि त्या तुम्ही चालवा."

मी तिथेच रडले. ताई रडली नाही, तिने घरी फोन लावला.

"बाबा, त्यांच्या हातून आलं."

 पलीकडून सासरे म्हणाले, "माझा पाय गेला तो गेला. आता दुसऱ्या कुणाचा जायच्या आत उरक."

"हो," ताई म्हणाली, आणि पदर खोचून उरलेली पानं गोळा करायला लागली.