फसलेली बरणी आणि सरांचा चहा

माझ्या पहिल्याच रविवारी मला चहा मिळाला नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बी.एस्सी. होऊन मी पनवेलला वैद्य सरांच्या छोट्याशा युनिटमध्ये केमिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. कोल्ड क्रीम, बॉडी लोशन असला माल. आसपासच्या साबण-शाम्पूवाल्या युनिटमधले पाच-सात केमिस्ट महिन्यातून एका रविवारी सरांच्या लॅबमध्ये जमायचे... आणि त्यालाच सर मोठ्या ऐटीत 'आपली सोसायटी' म्हणायचे.

मी आपली नटूनथटून गेले, माझ्या सगळ्यात सुंदर कोल्ड क्रीमची बरणी घेऊन. सरांनी ते हाताच्या पाठीवर फिरवलं, वास घेतला आणि बरणी परत माझ्या हातात ठेवली. "ही तर मस्त झालीय. हिचं आम्ही काय करू? हिला चहा नाही."

नियमच होता तसा. फसलेली बरणी आणायची, मगच चहा. दुधासारखं फाटलेलं लोशन, पिवळं पडलेलं क्रीम, गुठळ्या झालेला शाम्पू... सगळं टेबलावर मांडायचं, सगळ्यांनी बोटं घालायची आणि का फसलं ते मिळून शोधायचं. बाहेर कुणाला आमचं काम कळायचंच नाही. "म्हणजे पार्लर का?" असं विचारायचे लोक!

नितीन त्याच टेबलावरचा. तळोज्याला एका युनिटमध्ये होता. एकदा त्याची आख्खी बॅच फाटली, तेव्हा रडकुंडीला येऊन बरणी घेऊन आला होता. सगळ्यांनी जेवणं विसरून डोकं लढवलं आणि त्याची चूक शोधून दिली. नोकरी वाचली त्याची.

सरांची स्वतःची बरणी मात्र दर वेळी तीच. पायांच्या भेगांचं क्रीम, कोकमाच्या थिजलेल्या तेलाचं. आमच्याकडे पॅकिंगला येणाऱ्या हौसाबाई आधी मिठागरात कामाला होत्या. त्यांच्या टाचा बघून सरांनी हे मनावर घेतलं होतं... मिठागरातल्या बायकांना परवडेल असं क्रीम काढायचंच.

पण थोडे दिवस गेले की त्या क्रीममध्ये रवे धरायचे. हौसाबाई लावून बघायच्या आणि तोंडावर सांगायच्या, "वास बरा हाय सायेब, पन रवं लागतान. आमाला मिठाचे खडे काय कमी हायत?" सर खळखळून हसायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

मग सोसायटी वाढली. वाढावी ही हौस सरांचीच... पत्रं तेच टाइप करायचे, स्कूटरवरून माणसं तेच गाठायचे. नोंदणी झाली, मुंबईत ऑफिस झालं, मोठ्या कंपन्यांचे लोक आले. रविवारचं टेबल जाऊन हॉटेलातली वार्षिक परिषद आली, गळ्यात बिल्ले आले, सेंटवाल्यांचे स्टॉल आले. बरण्या कुणी मुद्दाम बंद केल्या नाहीत. आपल्या कंपनीचं काय फसलं ते चारचौघांत कोण सांगणार, म्हणून त्या हळूहळू आपोआप थांबल्या.

अशाच एका परिषदेला मी सरांबरोबर गेले होते. युनिट आता चालत नव्हतं, विकायचं ठरलं होतं. त्याआधी एवढं एक क्रीम त्यांना जमवायचं होतं. पिशवीत रुमालात गुंडाळून बरणी आणलेली...

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि सर बरणी हातात घेऊन उभे राहिले. स्टेजवरून अगदी नम्रपणे सांगितलं गेलं, की प्रॉडक्ट दाखवायचं असेल तर स्टॉल घ्यावा लागतो. लोक हसले. सर खाली बसले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

चहाच्या सुट्टीत नितीन आला. आता तो एका मोठ्या कंपनीची लॅब सांभाळत होता. वाकून नमस्कार केला, जुन्या सवयीने बरणीत बोट घातलं, हाताच्या पाठीवर फिरवलं... रवे त्यालाही लागले.

"सर, हे आमच्याकडेही झालं होतं. आता सुटलंय ते कोडं." मग खाली बघत म्हणाला, "पण सांगता नाही येणार. कंपनीला सही करून दिलीय."

मला वाटलं, सर आता चिडणार. ते म्हणाले, "सुटतं ना? मग झालं." मग चहाच्या टेबलाशी गेले, बरणी ठेवली आणि वेटरला म्हणाले, "बरणी आणलीय हो मी. मिळेल ना चहा?" त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्याने निमूटपणे कप भरला.

युनिट विकलं गेलं. ते क्रीम कधीच बाजारात आलं नाही. हौसाबाई शेवटपर्यंत नुसतं कोकमाचं तेल गरम करून टाचांना चोळत राहिल्या. सरही गेले.

पुढे दुसऱ्या नोकरीत मला उत्तर सापडलं. तेल पूर्ण वितळवून मग क्रीम झटकन थंड करायचं, बस्स. आम्ही ते रात्रभर आपोआप निवू द्यायचो. एका वाक्याचं काम... रविवारचं टेबल टिकलं असतं, तर कुणीतरी सहज सांगून टाकलं असतं.

नितीनचा राग मला आजही येतो. त्यालाही घरदार होतं, हे कळतं, तरी येतो. सोसायटी आता खूप मोठी आहे, तिच्यामुळे कितीतरी मुलींना या क्षेत्रात नोकऱ्या मिळाल्या. त्याचा आनंद आहेच. पण सरांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हा विचार डोक्यातून जात नाही.

परवा घरीच सरांचं ते क्रीम केलं. हाताच्या पाठीवर फिरवून पाहिलं... लोण्यासारखं, एकही रवा नाही. खूप आनंद झाला, म्हणून चहा टाकायला उठले आणि गॅसपाशीच थबकले.

सरांच्या नियमाने आज मला चहा नव्हता.