शेवटचे तीन मीटर

पॅसिफिकमधल्या एका बेटावर लेन नंबर चारचे शेवटचे तीन मीटर मी तपासले नव्हते. तपासल्याची सही मात्र केली होती. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. चौकशीत मी हे सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. हवालदार सोपान घाडगेच्या घरी तर नाहीच नाही.

इथलं ब्योब्लिंगेनचं आपलं मराठी मंडळ दरवर्षी अंकासाठी मागे लागतं, "सैन्यातलं काहीतरी लिहा ना." मी दरवर्षी टाळतो. यंदा लिहितोय, त्याचं कारण मार्चमध्ये घडलं.

आमच्या घराजवळ इमारतीचा पाया खणताना महायुद्धातला विमानातून पडलेला बॉम्ब सापडला. जर्मनीत राहणाऱ्यांना याचं नवल नाही. सकाळी नऊला पोलिसांची गाडी लाउडस्पीकरवरून सांगत फिरली: दहापर्यंत घरं रिकामी करा. आम्ही शाळेच्या टुर्नहालेत, म्हणजे व्यायामशाळेत, जाऊन बसलो. मी, माझी बायको मीनल आणि तेजश्री. तेजश्री ही सोपानची मुलगी. ड्रेस्डेनला सेमीकंडक्टरमध्ये मास्टर्स करते, सुट्टीत आमच्याकडे येते, मला काका म्हणते.

शेजारच्या आजी अख्खा केक घेऊन आल्या होत्या. "बॉम्ब आहे म्हणून केक कशाला वाया घालवायचा?" म्हणाल्या आणि सगळ्यांना वाटत सुटल्या. दोन वाजता एन्टवार्नुंग झाली, धोका टळला. आजी तेजश्रीला म्हणाल्या, "आमच्याकडे एकजण काम करतो, मग दुसरा माणूस ते परत तपासतो. गेनाऊ, अगदी काटेकोर. म्हणून मला भीती वाटत नाही."

तेजश्री माझ्याकडे वळली. मग मराठीत म्हणाली, "काका, बाबांच्या वेळी दुसरा माणूस नव्हता?"

"होता."

"मग त्याने तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं."

तिने मान हलवली. आपल्या प्लेटमधला केक माझ्या प्लेटमध्ये सरकवला. "तुम्ही खा. सकाळपासून काही खाल्लं नाहीये तुम्ही."

तो दुसरा माणूस मी होतो.

मी इंजिनिअर्समध्ये शॉर्ट सर्व्हिसवर दहा वर्षं होतो. कॅप्टन म्हणून बाहेर पडलो. काम सुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा काढण्याचं. सोपान माझ्याच कंपनीत हवालदार होता, साताऱ्याकडचा. तो त्याच वर्षी पेन्शनवर निघाला. जुन्या रणभूमी साफ करणाऱ्या एका परदेशी कंपनीने मला बोलावलं, तेव्हा मी सांगितलं, माझा एक माणूस सोबत आणतो. सोपानला गावी शेत होतं, नवीन विहीर होती. त्याला जायचं नव्हतं. तो म्हणाला, "साहेब जाणार असतील तर जातो."

बेटाचं नाव देत नाही. महायुद्धाच्या शेवटच्या काळात ते जपान्यांकडे होतं. अमेरिकन आरमाराने समुद्रातून तीन दिवस तोफा डागल्या. किनाऱ्यावर एक माड उभा राहिला नाही. अमेरिकनांना वाटलं, आत आता कोण उरलंय. जपानी सैनिक प्रवाळाच्या खडकात खोदलेल्या गुहांमध्ये बसून होते. मरीन उतरले तेव्हा ओहोटी होती. त्यांच्या होड्या पाण्याखालच्या प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या. छातीभर पाण्यातून, बंदुका डोक्यावर धरून, ते चालत निघाले. समोर मशीनगन होत्या. बरेचसे वाळूपर्यंत पोचलेच नाहीत. जे पोचले त्यांनी पुढच्या आठवड्यांत एकेक गुहा आगीने आणि सुरुंगाने बंद केली. आत किती राहिले कुणालाच नक्की माहीत नाही. न फुटलेला दारूगोळा जमिनीत राहिला. आरमाराचे पाच इंची गोळे, जपानी मॉर्टर, हातबॉम्ब. बेटावरची माणसं सत्तर वर्षं त्याच्यावर रताळी लावत होती.

आम्ही सातजण होतो. टीम लीडर न्यूझीलंडचा निवृत्त मेजर. बेटावरचे चौघे, त्यातली एक नर्स. सोपान आणि मी. दिवस ठरलेला. साडेपाचला चहा, सहाला ब्रीफिंग, साडेसहाला डिटेक्टरची चाचणी. मग लेन. लेन म्हणजे दोन दोऱ्यांमधली जमिनीची पट्टी. पुढचा माणूस डिटेक्टर फिरवतो, वाजेल तिथे हाताने उकरतो. त्याचं झालं की दुसरा माणूस तीच पट्टी पुन्हा डिटेक्टरने तपासतो आणि वहीत सही करतो. सही झाली की माणसं त्या जमिनीवर पाय ठेवतात. पुढचा माणूस सोपान. दुसरा मी.

लेन चार किनाऱ्यापासून एका मोठ्या गुहेपर्यंत जात होती. अष्टमीच्या संध्याकाळी सोपान गुहेच्या तोंडाशी पोचला. तिथे शेवटचे तीन मीटर रुंद करून अंगणाएवढी जागा मोकळी करायची होती. तिथे मेलेल्या सैनिकांचे नातेवाईक येतात, त्यांना उभं राहायला. माझी तपासणी त्या जागेच्या अलीकडपर्यंत झाली होती. सोपान घाम पुसत आला.

"साहेब, शेवटचं तीन मीटर जरा नीट बगा. नुसतं भंगार हाय, सारखं वाजतंय. दिवस मावळाय लागला, मी घाईत उरकलंय."

"उद्या खंडेनवमी. परवा सकाळी बघतो."

"परवा बगा. पन नीट बगा."

सैन्यात असताना खंडेनवमीला हत्यारांची पूजा आम्ही कधी चुकवली नव्हती. बेटावर बंदुका नव्हत्या. ताडपत्रीवर चार डिटेक्टर, उकरायच्या सळया, फावडी मांडली. हळद-कुंकू सोपानने घरून आणलेलं. बेटावरच्या पोरींनी लाल फुलांच्या माळा करून दिल्या. "नारळाला तोटा न्हाई, साहेब," सोपान म्हणाला, "हितं फोडणारी माणसं कमी पडतील." मी सगळ्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं: आज ही हत्यारं उचलायची नाहीत, आज त्यांना विश्रांती. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मला ते बरं वाटलं. टीम लीडर म्हणाला, "युवर डे, कॅप्टन."

९.५० ला रेडिओ वाजला. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळणार म्हणून पाहुण्यांची बोट एक दिवस आधीच आली होती. पाहुणे दोन. एक जपानी बाई, सत्तरीच्या पुढची. तिचे वडील त्या गुहेत गेले, तेव्हा ती रांगत होती. दुसरा एक अमेरिकन निवृत्त शिक्षक. त्याचा काका प्रवाळाच्या कड्यावर पडला होता. आधी पत्रांतून ओळख, मग दोघांनी मिळून यायचं ठरवलेलं.

"कंट्रोल टू लेन फोर. व्हिजिटर्स अ‍ॅट ट्वेल्व्ह. इज फोर क्लिअर?"

"वेट."

मी ताडपत्रीपाशी गेलो. वेळ होता. तीन मीटरला चाळीस मिनिटं पुरली असती. एकच लांब माळ चारही डिटेक्टरांवरून गेलेली. एक उचलायचा तर सगळं विस्कटणार. बेटावरचे दोघे बघत उभे. तासाभरापूर्वी मीच त्यांना एवढं भाषण दिलेलं. मी देवाला भ्यायलो असं म्हणालो असतो तर निदान कारण तरी झालं असतं. तसं नव्हतं. मांडलेलं मोडायचा कंटाळा होता, चारचौघांत शब्द फिरवायची लाज होती. आणि डोक्यात एकच: सोपानचं काम अकरा वर्षांत कधी चुकलं नाही.

मी वही उघडली. वेळ लिहिली ७.१०. सही केली.

"कंट्रोल, लेन फोर. क्लिअर."

"रॉजर, फोर."

सोपान ऐकत होता. जवळ आला. "शेवटचं तीन मीटर बगितलं?"

"बघितलं."

"कवा?"

"सकाळी. पूजा मांडायच्या आधी."

तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला. "न्हाईतर मी उचलतो एक. देव काय रागवायचा न्हाई."

"बघितलं म्हटलं ना सोपान."

"मग झालं," तो म्हणाला.

म्हाताऱ्या बाईला ऊन लागू नये म्हणून गुहेच्या तोंडाशी कापड बांधायचं ठरलं. सोपानने लोखंडी मेखा खांद्यावर घेतल्या आणि घण उचलला. तो निर्धास्त चालत गेला. तपासलेल्या जमिनीवर माणूस जसा चालतो तसा. मी तीस मीटर मागे पाण्याचे कॅन उतरवून घेत होतो. पहिल्या मेखेचे चार ठोके ऐकले. दुसरीचे दोन.

११.२४.

नर्स माझ्याआधी पोचली. दोन्ही पाय आणि पोट. आम्ही पट्ट्या बांधल्या. त्या पुरणार नव्हत्या. पाहुण्यांची जीप वेळेआधी आली होती, मागे थांबवलेली. सोपान शुद्धीवर होता. त्याने विचारलं, "म्हातारी लांब हाय ना?"

"लांब आहे."

"मग बरं." थोड्या वेळाने म्हणाला, "साहेब, कसं ऱ्हायलं ओ हे?"

मी उत्तर दिलं नाही. तेव्हा सांगता आलं असतं. त्याला सांगण्याची ती एकच वेळ होती.

मग तो पाणी मागायला लागला. मी वर पाहिलं तर ती जपानी बाई समोर उभी होती. तिला कोणी अडवलं कसं नाही, माहीत नाही. तहानेने गेलेल्या वडिलांसाठी तिने गावच्या विहिरीचं पाणी बाटलीत आणलं होतं, गुहेपाशी ओतायला. ती गुडघ्यावर बसली आणि ते पाणी थोडं थोडं सोपानच्या ओठांवर सोडत राहिली. अमेरिकन शिक्षक टोपी काढून जमिनीवरच बसला होता. ११.५१ ला सोपान गेला. बाटलीत थोडं पाणी उरलं होतं. ते तिने गुहेपाशी ओतलं.

चौकशी तीन दिवस चालली. मला विचारलं, शेवटचा भाग तपासला होता का? मी हो म्हणालो. वहीत सही होती. निष्कर्ष लिहिला गेला: आसपासच्या भंगारामुळे जमिनीतल्या मॉर्टरच्या गोळ्याचा सिग्नल झाकला गेला, कोणाची चूक नाही. त्यानंतर मी एकटा त्या खड्ड्याशेजारी गेलो. तेवढ्याच खोलीवर तसलाच रिकामा गोळा पुरला, वर तेच भंगार पसरलं, डिटेक्टर फिरवला. स्पष्ट वाजला. पाचदा फिरवला. पाचही वेळा वाजला.

पार्थिव घेऊन मी साताऱ्याला गेलो. सोपानच्या बायकोने, वैशालीवहिनींनी, माझ्यासमोर हात जोडले. "भाऊजी, तुम्ही होता म्हणून घरी तरी आले." तेजश्री दाराशी उभी होती, दहावीला होती. मी चहा घेतला आणि निघालो.

मीनलची इथे बदली झाली. मी एका गोदामात सुरक्षेचं काम बघतो. आगीचे दरवाजे, सिलिंडर, फोर्कलिफ्ट तपासतो आणि सही करतो. सगळं दोनदा बघतो. सहकारी चिडवतात, "कापितेन, दरवाजा कालही तिथेच होता." "हो," मी म्हणतो, आणि तिसऱ्यांदा बघतो. त्याने काहीही होत नाही. एकही दरवाजा त्या तीन मीटरच्या जागी येत नाही.

संपादकांना मी सांगून ठेवलंय, माझा फोन आल्याशिवाय हे छापू नका. तुमच्या हातात हा अंक असेल, तर मी ड्रेस्डेनला जाऊन आलोय, साताऱ्यालाही फोन केलाय. त्या दोघी काय म्हणतील मला माहीत नाही. माफ करा असं मी म्हणणार नाही. तेवढा माझा हक्क उरलेला नाही.

जपानी बाईचे वडील गुहेत आहेत. अमेरिकन शिक्षकाचा काका समुद्रात आहे. त्यांना शत्रूने मारलं. हवालदार सोपान घाडगे, वय एकेचाळीस, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून गेला.

मला सांगितलेलं काम साधं होतं. शेवटचे तीन मीटर नीट बघायचे. ते मी बघितले नाहीत. तेवढं मी सोपानचं देणं लागतो.