बापूसाहेबांचे सात उस्ताद

नवा उस्ताद आणायला बापूसाहेब देशमुख आपली दमणी गेवराईपर्यंत पाठवत आणि जुन्याला पोचवायलाही तीच दमणी जाई. बैलांचे हाल नकोत म्हणून ही दोन्ही कामं ते एकाच फेरीत उरकत. त्यामुळे आमच्या फुटबॉलच्या टीमचा जाणारा उस्ताद आणि येणारा उस्ताद गेवराईच्या सराईत हटकून भेटायचे. एकदा येणारा गृहस्थ जाणाऱ्याशी तासभर बोलत बसला आणि तिथूनच आल्या वाटेनं परत गेला. दमणी रिकामी आलेली पाहून बापूसाहेब गाडीवानाला एवढंच म्हणाले, "गेला का? बरं झालं. कच्चा व्हता." सात उस्तादांत आम्ही त्यालाही धरतो.

निजामाच्या अमलातली ही गोष्ट. उमापूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथल्या शाळेत मी मास्तर होतो. माझी उर्दू बरी होती म्हणून बापूसाहेबांची पत्रं मी लिहायचो, आणि उंची बरी होती म्हणून त्यांच्या टीमच्या गोलातही मीच उभा राहायचो. दोन्ही कामांना नाही म्हणायची सोय नव्हती.

बापूसाहेब अंगानं आडवे, आवाजानं मऊ. रागावले तरी आवाज चढत नसे, उलट आणखी मऊ होई. वतनाच्या एका दाव्यासाठी ते हैदराबादला गेले होते. दावा तीन आठवडे सुनावणीला आलाच नाही. तेवढ्या दिवसांत रोज संध्याकाळी पलटणीतल्या शिपायांचा फुटबॉल पाहायचा त्यांना नाद लागला. निकाल विरुद्ध गेला, पण येताना ते चामड्याचा चेंडू घेऊन आले. पांढरीच्या रानात बाभळीच्या मेढी रोवून मैदान केलं. धनगराचा सखाराम, लोहाराचा कोंडिबा असे नऊ दांडगे गडी गोळा केले, गोलातला मी दहावा. खेळणाऱ्याला देशमुखांच्या घरची ज्वारी आणि दिवाळीला धोतर. अकरावे खेळाडू त्यांचे घरजावई, विनायकराव.

विनायकराव माणूस वाईट नव्हते. त्यांना पळायला आवडत नसे, एवढंच. पण चेंडू गोलात मारण्याचा मान मोठा, म्हणून सर्वांत पुढची जागा त्यांची. आणि देशमुखांचा जावई म्हणजे गावाचा जावई. त्याच्या पायातला चेंडू कोण काढून घेणार? सरावाला ते चेंडू घेऊन निघाले की समोरचे गडी बाजूला सरून वाट देत. सामन्यात सखाराम वाऱ्यासारखा पळत चेंडू गोलाच्या तोंडाशी न्यायचा, तिथं थांबायचा आणि म्हणायचा, "घ्या, जावईबापू." जावईबापू धोतराचा सोगा सावरत येईपर्यंत समोरच्यांनी चेंडू पार आमच्या अंगणात आणलेला असे.

वर्षातून दोनदा बीडला बिंदुसरा नदीच्या वाळवंटात कचेरीतल्या लोकांच्या टीमशी आमचा सामना होई आणि आम्ही हरून येत असू. परतल्यावर ओसरीवर बैठक भरे. बापूसाहेब तक्क्याला टेकून मऊ आवाजात विचारत, "चुकलं कोनाचं?" जो तो विनायकरावांकडे न पाहण्याची काळजी घेई. मग ते माझ्याकडे पाहत. "मास्तर, तुमी शिकलेले. तुमी सांगा."

मी दर वेळी एकच सांगायचो, "उस्तादांचं."

"लिवा मग," ते म्हणत. मी दौत-टाक पुढं ओढून उस्तादाच्या बरखास्तीचं पत्र लिहायचो. त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं: "उस्ताद म्हंजी बैल. वढंना तर बाजार हाय की." आणि नवा बैल जवळच्या बाजारातला चालत नसे. "हितल्या मानसाला काय कळतंय? लांबून आणा." किती लांबून आला, हीच त्याची लायकी. पहिला उस्ताद शाळाखात्यातला कवायत मास्तर होता, तो आम्हाला रांगेत पळवायचा. दुसरा तालमीतला वस्ताद. त्यानं महिनाभर एवढ्या बैठका काढायला लावल्या की सामन्याच्या दिवशी आमच्या मांड्या वळेनात. तिसरा औरंगाबादच्या छावणीतून आला. चार दिवसांनी कळलं, की तो तिथं भटारखान्यात होता आणि भाजी चिरता चिरता खिडकीतून त्यानं फुटबॉल पाहिला होता. खरं सांगायचं तर त्या सगळ्यांत आम्हाला त्याचाच थोडा उपयोग झाला. निदान जेवायला चांगलं मिळालं. चौथा सराईतून परतलेला. पाचव्याचं नावही आता आठवत नाही. त्याला बापूसाहेबांनी फेटा बांधला तेव्हा तिसऱ्या उस्तादाच्या डोक्याचा वळसा त्यात तसाच होता.

सहावे आले गफूरमियाँ. पलटणीतून निवृत्त झालेले, एक गुडघा अधू, दाढी पांढरी. पहिल्या दिवशी ते मैदानाकडेला बाजेवर बसून नुसते पाहत राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "मास्टरसाब, गेंद को रिश्ता समझता नै."

मी म्हणालो, "गेंदेला नाही समजत, मियाँ. पण ज्वारी देणाऱ्याला समजतं."

ते हसले. पण सामन्याच्या आठ दिवस आधी ते सरळ बापूसाहेबांकडे गेले. मी तिथंच पत्र लिहीत बसलो होतो. गफूरमियाँ अदबीनं म्हणाले, की दामादसाहेबांना या खेपेला विश्रांती द्यावी. बापूसाहेबांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "कावून?"

"हुजूर, हमारे दस लोग उनके खिलाफ खेलते, और सामने के ग्यारा हमारे खिलाफ."

बापूसाहेबांनी पान दुमडलं, तोंडात टाकलं, सावकाश चावलं. मग म्हणाले, "करा तुमच्या मनासारखं. बघू." त्यांचा आवाज इतका मऊ होता की गफूरमियाँच्या जागी मलाच घाम फुटला. गफूरमियाँना वाटलं, परवानगी मिळाली.

जावईबापूंच्या जागी एक नवा गडी घेऊन बिंदुसरेच्या वाळूत त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा खरेखुरे अकरा जण खेळलो. विनायकराव कडेला छत्री धरून बसले होते आणि मी त्यांना आयुष्यात एवढं सुखी कधी पाहिलं नव्हतं. खेळ संपत आला तेव्हा सखाराम चेंडू घेऊन नेहमीसारखा गोलाच्या तोंडाशी गेला आणि सवयीनं थांबला. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. चेंडू द्यायला कोणीच नव्हतं. गफूरमियाँ कडेवरून ओरडले, "मार बे!" त्यानं मारला. आम्ही एका गोलानं जिंकलो. सखाराम नंतर कितीतरी वेळ आपल्या पायाकडे पाहत उभा होता. एवढी वर्षं तो पाय दुसऱ्याच्या मालकीचा असावा, तसा.

गावात आलो तर वेशीवर हलगी वाजत होती. बापूसाहेबांनी जेवणाला गोड केलं, गफूरमियाँना स्वतः वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बोलावणं आलं. मला वाटलं, बक्षिसाचं काही असेल.

"मास्तर," बापूसाहेब म्हणाले, "काल बीडात लोकं काय म्हनत व्हती, ऐकलं का? देशमुखाचा जावई छत्री धरून बसला, आन् धनगराच्या पोरानं सामना मारला."

"पण आपण जिंकलो, बापूसाहेब."

"जिकलो तर." ते तक्क्याला टेकले. "चुकलं कोनाचं, ते सांगा."

जे उत्तर मी दर वेळी पटकन दिलं होतं, ते त्या दिवशी तोंडातून निघेना. उस्तादांचं चुकलं नाही, हे तीन शब्द म्हणायला मला काय लागलं असतं? नोकरी सरकारी होती, देशमुखांची नव्हती. फार तर बोलावणं बंद झालं असतं. मी खाली पाहत राहिलो. बापूसाहेब म्हणाले, "लिवा मग." आणि मी लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं, याची मला अजून लाज वाटते.

गफूरमियाँनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. दमणीत चढताना म्हणाले, "मास्टरसाब, आप का खत बहुत खूबसूरत है." एवढंच. टोमणा होता की नाही, हे मला कधीच कळलं नाही. सखारामनं मात्र त्याच दिवशी खेळ सोडला. ज्वारी नको, धोतर नको, म्हणाला, आणि मेंढरं घेऊन गोदावरीकडं निघून गेला.

त्यानंतर लांबून यायला कोणी तयार होईना. गेवराईच्या सराईत आमच्या गावाचं नाव काढलं की लोक चहा अर्धा टाकून उठत. तेव्हा बापूसाहेब म्हणाले, "आता मीच बघतो." सातवे उस्ताद ते स्वतः. खुर्ची टाकून मैदानाच्या मधोमध बसत आणि आम्ही त्यांना वळसा घालून खेळत असू. बीडला आम्ही सात गोलांनी हरलो.

ओसरीवर बैठक भरली. बापूसाहेब तक्क्याला टेकले. "चुकलं कोनाचं?"

आता उस्तादांचं म्हणायची सोय नव्हती. जावईबापू नखं पाहू लागले. कोंडिबा छपराकडं पाहू लागला. मीही कुठंतरी पाहतच होतो.

"सात गोल," बापूसाहेब मऊपणानं म्हणाले, "सातीच्या सात मास्तरांच्या अंगावरनं गेले. म्या मोजले की." मग ते माझ्याकडे वळले. "लिवा, मास्तर."

टीममधून माझ्या बरखास्तीचं पत्र मीच लिहिलं. अक्षर या वेळी खराब आलं.

माझ्यानंतर गोलात उभं राहायला कोणी मिळेना, आणि टीम मोडली. चामड्याचा चेंडू काही दिवस ओसरीवर होता, मग उंदरांनी कुरतडला. बापूसाहेबांशी माझं बोलणं मात्र तुटलं नाही. रागावून बसण्याइतका मोठा मी नव्हतो, आणि राग धरण्याइतके लहान ते नव्हते; त्यांनी काही वाईट केलं, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

शेवटच्या आजारात त्यांनी मला बोलावून घेतलं. वाळून पार काडी झाले होते. उशाशी विनायकराव पंखा हलवत बसले होते, आणि ते काम ते मन लावून करत होते. थोडा वेळ पावसापाण्याचं बोलणं झालं. मग बापूसाहेबांनी डोळे मिटूनच विचारलं, "मास्तर, आपन बीडात येकदा जिकलो व्हतो नव्हं?"

"जिंकलो होतो, बापूसाहेब."

"जावईबापू खेळलते का त्या सामन्यात?"

पंखा थांबला. विनायकराव माझ्याकडे बघू लागले. हो म्हणालो असतो तर त्या माणसाचं मरण सोपं झालं असतं, आणि माझंही काही जात नव्हतं. पण एकदा गप्प बसून मी पाहिलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "सखाराम खेळला. आणि उस्ताद गफूरमियाँ होते."

बापूसाहेबांनी बराच वेळ विचार केला. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले, "मंग त्यो सामना धरू नका." आणि कूस बदलली.