गालावरची हळद

गालाला हळद लावली ती मीच. कोणी हात धरून लावायला लावली नाही.

कानाखाली कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग मुंबईला प्रोटॉनचे किरण सुरू झाले. डॉक्टरांनी समजावलं होतं, हे किरण ठरल्या जागी थांबतात, पलीकडचं काही भाजत नाहीत. अलीकडची कातडी मात्र लाल होईल, सोलेल. मी फक्त पहिलं अर्धं ऐकलं. गावी, कुरुंद्यात, छाती काढून सांगितलं, कातडीला काही होत न्हाई! चौथ्या आठवड्यात गाल भाजल्या वांग्यासारखा झाला, तेव्हा डॉक्टरांचा असा संताप आला म्हणता! फसवलं मला.

होळीला जोडून तीन दिवस सुट्टी मिळाली, गावी आलो. शेतात हळद शिजत होती. जन्मभर तीच पिकवली. माणसाला खरचटलं की हळद, बैलाचा खांदा सोलला की हळद. मग माझ्याच गालानं काय घोडं मारलं होतं? ‘न विचारता काहीही लावू नये’ असा कागद दवाखान्यानं दिला होता, तोही मराठीत. त्याच कागदावर मी हळद-तूप कालवलं.

मुंबईत पोचलो तो गाल सुजलेला, पाणी सुटलेलं. किरण देताना चेहऱ्याच्या मापाची जाळी तोंडावर घालून टेबलाला अडकवतात, डोकं हलू नये म्हणून. ती बसेना.

"काका, आज नाही होणार," मशीनवरची पोरगी म्हणाली.

मी भडकलो. "इतक्या लांबून येऊन राहिलो, अन् तुमची जाळी लहान झाली! काहून?"

ती कानामागचा पिवळा डाग बघत राहिली. डॉक्टर आले. मध्ये खंड पडला तर उरलेला रोग डोकं वर काढतो, म्हणाले. पण सूज उतरल्याशिवाय इलाज नाही. राग तेवढाच होता, फक्त आता ओरडायला समोर मीच.

पाच दिवस रोज जाळी लावून बघायची, रोज परत. सोबत आलेली बायको चकार शब्द बोलेना, त्यानं आणखी तापायचो. रोग आत काय करून राहिला असेल, हे दोघांच्याही डोक्यात.

सहाव्या दिवशी जाळी बसली. मला आत नेताना बायकोनं त्या पोरीला थांबवलं.

"बाई, तोंड कशाला बांधता यांचं? हात बांधा."